आधी छत, मग घास

आकाशकंदील लागले की दोन-तीन दिवसांत कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "मॅडम, कंदिलावर मोठा हिरवा किडा येऊन बसलाय, हात जोडून. चावेल का हो?" माणसाच्या वाटेला तो जात नाही. दिव्यावर येतो तो बहुतेक वेळा नर असतो. मादी अंड्यांनी जड झालेली, ती झुडपात बसून राहते. नर अंगानं हलका, पंखांनी लांब. रात्री मादीच्या शोधात निघतो आणि दिव्यापाशी अडकतो. त्याच अंधारात वटवाघळंही शिकारीला निघालेली असतात. त्यांची चाहूल घ्यायला त्याला कान आहे. एकच, आणि तोही डोक्यावर नव्हे, तर छातीच्या खालच्या बाजूला, मागच्या पायांच्या मध्ये. डेव्हिड येगर आणि रोनाल्ड हॉय यांनी १९८६ मध्ये तो दाखवून देईपर्यंत हा किडा बहिराच समजला जात होता. आपल्याला ऐकू न येणारा वटवाघळाचा आवाज त्याला ऐकू येतो आणि तो उडता उडता एकदम खाली सूर मारतो.

पुस्तकात याला प्रार्थना कीटक म्हणतात. जुन्या लोकांच्या तोंडी खंडोबाचा किडा. आपल्याकडे सहज दिसणारा मोठा हिरवा प्रकार हीरोडुला या प्रजातीतला. हे नाव १८३८ मध्ये बर्माइस्टर या जर्मन अभ्यासकानं दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ देवळाला वाहिलेली दासी. जेजुरीच्या मुरळ्या ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी या दोन नावांपाशी थोडं थांबावं. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांचं काही ऐकलेलं नसणार, पण जोडलेले हात पाहून दोघांनाही देऊळच आठवलं.

किडा पाळायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: काय खातो? मी विचारते, बरणीचं झाकण कसं आहे?

हे मला फार महागात पडून कळलं. कॉलेजात शिकवायला लागून दोन वर्षं झाली होती. गुळगुळीत झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्याला सुईनं भोकं पाडून मी एक अर्धी वाढलेली मादी ठेवली. रोज पोटभर खाणारी ती एके दिवशी काही खाईना. पंखांचे कोंब फुगलेले दिसत होते, तरी मला अर्थ कळला नाही. भूक लागली की खाईल, म्हणून दोन रातकिडे आत सोडले आणि घरी आले. सकाळी ती तळाशी पडलेली होती. निम्मं अंग जुन्या कातीत, निम्मं बाहेर, मान वाकडी, आणि एक रातकिडा तिचा मऊ पाय कुरतडत होता. अजून हलत होती. ती सकाळ मी विसरलेले नाही. तेव्हापासून हाताखालच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत आले आहे, खाणं बंद झालं की शिकार बाहेर काढा.

हा किडा कात टाकतो तो उलटा लटकून. मागच्या चार पायांची नखं छताला रोवतो आणि बराच वेळ स्तब्ध राहतो. मग पाठीवर, मानेच्या मागे, कात उकलते आणि फिकट ओलसर अंग आपल्याच वजनानं खाली सरकू लागतं. आधी डोकं नि छाती, मग लांब पाय, एखाद्या घट्ट मोज्यातून ओढून काढावेत तसे एकेक. शेवटी पोटाचं टोक तेवढं कातीत अडकलेलं, आणि अख्खा जीव हवेत लोंबतो. जरा दम खाऊन तो वर वळतो, आपलीच कात धरतो आणि वाळत राहतो. शेवटच्या कातीनंतर पंखही असेच लोंबवून ताणून घेतो. या घटकाभरात नख सुटलं किंवा डोकं तळाला टेकलं, की मऊ अंग वाकतं नि वाकडंच वाळतं. असं सात-आठ वेळा त्याला जगून निभवायचं असतं.

म्हणून घराचं माप छतापासून खाली धरायचं. उंची किड्याच्या लांबीच्या निदान तिप्पट, रुंदी दुप्पट. पूर्ण वाढलेली मादी आठ सेंटीमीटरची असेल तर पंचवीस सेंटीमीटर उंच जागा हवी. फराळाची मोठी बरणी चांगली चालते. झाकणाऐवजी तोंडाला मच्छरदाणीचं कापड ताणून बांधायचं, आत खडबडीत काटकी तिरकी टेकवायची, तळाला कागद. काचेची सुंदर पेटी, ओलं शेवाळ, शंख-शिंपले यांतलं काहीही नको. संध्याकाळी पाण्याचा बारीक फवारा द्यावा, ती थेंब पिते. कोकणात भर पावसाळ्यात मात्र फवाऱ्याला हात आखडता घ्यावा, कोंदट हवेत बुरशी धरते. आणि एका बरणीत एकच जीव. सख्खी भावंडंही एकमेकांना खातात.

आता घास. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला चिलटं लागतात. पिकलेलं केळं बाटलीत दोन दिवस उघडं ठेवलं की ती आपोआप जमतात. मग पातळ कापड बांधायचं, आतच त्यांची पुढची पिढी तयार होते. पिल्लू वाढलं की माश्या, पतंग, नाकतोडे, लहान झुरळं. शिकार किड्याच्या निम्म्याहून मोठी नको. औषध फवारलेल्या घरातलं झुरळ किंवा फवारलेल्या बागेतला नाकतोडा देऊ नये. दिवाळीच्या साफसफाईत घरोघरी फवारे मारतात, त्या दिवसांत मी बाहेरचा एक कीटकही आत घेत नाही. किती द्यायचं ते पोटावर ठरवावं. पोट चपटं असेल तर द्या, टरारलेलं असेल तर थांबा. मोठ्या मादीला दिवसाआड पुरतं.

शिकार हलली पाहिजे, हे तिच्या नजरेचं मर्म आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात जेनी रीड आणि सहकाऱ्यांनी मधमाश्यांचं मेण लावून या किड्यांना दोन रंगांचे इवलेसे चष्मे चढवले आणि पडद्यावर हलता ठिपका दाखवला. ठिपका जवळ आल्याचा भास झाला तेव्हा किड्यांनी झडप घातली. ते संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. दोन डोळ्यांनी अंतर मोजणं कीटकांत फार दुर्मीळ आहे. चिमट्यात धरलेला घास मी तिच्यापुढे हळू हलवते. ती मान वळवते, अंग जरासं डोलवते, आणि पुढचं माझ्या डोळ्यांना दिसतच नाही. थेट घास तिच्या काटेरी पायांत दिसतो. खाऊन झालं की मांजरासारखी एकेक काटा चाटून साफ करते.

मादी नराला खाते हे खरं, पण दर वेळी नाही. उपाशी मादीचा भरवसा नसतो, म्हणून जोडी लावण्याआधी चार दिवस तिला भरपूर खाऊ घालते. खाल्लेल्या नराचं पोषण अंड्यांत उतरतं हेही प्रयोगांनी दाखवलंय. तरी माझ्याकडचा नर शक्यतो सुटावा, असं मला दर वेळी वाटतं.

मग ती फेस काढून त्यात अंडी घालते. फेस वाळून त्याची थैली घट्ट होते. बागेतून अशी थैली आणली तर बारीक भोकं पडून पिल्लांऐवजी चिमुकल्या गांधीलमाश्याही निघतात. थैली धड असेल तर एके सकाळी शंभराहून जास्त पिल्लं धाग्यांना लटकत खाली उतरतात. दहा ठेवते, बाकीची जास्वंदीवर सोडते.

सध्या माझ्याकडे एक म्हातारी आहे. डोळ्यांवर काळे डाग पडलेत, दोन पायांची टोकं झडलीत, आणि छताची पकड आता तिला राहत नाही. तिची बरणी मी आडवी केली आहे, तळाला जाळी अंथरली आहे. सकाळी झुरळ मधोमध कापून सुईच्या टोकावर तिच्या तोंडाशी धरते. आधी मिशा लागतात, मग जबडा हलू लागतो. खाऊन झालं की ती मान वर करते आणि पुढचा पाय उचलून वरची काच चाचपत राहते.