अंतराळवीर परत येतो तेव्हा

अंतराळकथेत यान सुटतं त्या पानावर सगळेच वाचक खूश असतात. उलटी मोजणी, धुराचा लोट, लहान लहान होत जाणारी पृथ्वी, मग दोन सूर्यांचा कुठलासा ग्रह आणि त्यावरचं जांभळं गवत! मला मात्र ओढ लागते ती माणूस परत येतो त्या पानांची. बहुतेक लेखक ती घाईने उरकतात.

मराठी वाचक तसा जुना प्रवासी. १९०० साली 'केरळ कोकिळ' मासिकातून ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचं भाषांतर आलं. प्रवाशाच्या घड्याळात आणि घरच्या घड्याळात फरक पडतो, हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते १९०५ साली आइन्स्टाइनने सांगितलं. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने जाणाऱ्या यानात एक वर्ष सरतं, तेव्हा पृथ्वीवर सात वर्षं उलटतात. सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. या वेगाने तिथे जाऊन लगेच माघारी फिरणाऱ्याचं वय जेमतेम सव्वा वर्षाने वाढेल. इकडे साडेआठ वर्षं गेलेली असतील.

या विषयाची गोडी मला जयंत नारळीकरांनी लावली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. केंब्रिजला नाव काढलेल्या माणसाला नाव लपवून नवख्यांच्या रांगेत उभं राहावंसं वाटलं, याचं मला भारी अप्रूप! २० मे २०२५ रोजी ते गेले, त्या आठवड्यात मी 'यक्षांची देणगी' पुन्हा वाचायला काढलं.

सुट्टी संपवून निघालो तेव्हा ते पुस्तक हातात होतं. आबा मला देवगाव फाट्यापर्यंत सोडायला आले होते. इथे जालना, जिंतूर आणि सेलू अशा तीन वाटा फुटतात, त्यामुळे वाट बघणारी माणसं कायम.

"काय वाचायलास रे?" आबांनी विचारलं. मी साडेआठ वर्षांचं गणित सांगितलं. आबा चौथीपर्यंत शिकलेले. पण व्याजाचा हिशेब तोंडी करतात. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाले,

"अन् तवर त्याच्या रानाचं कोन बघतंय?"

मी हसलो. आबा हसले नाहीत. गुडघे धरल्यापासून दोन वर्षं आमचं रान बटईने आहे. घरात हाताशी येईल असा मी एकटाच, आणि मी परभणीला इतिहासाच्या वह्या भरतोय. यानात बसणाऱ्यांच्या घरी कोण कोण असतं, त्यांचा नांगर कुणाकडे असतो, हे मी वाचलेल्या एकाही कथेत आलेलं नाही.

"त्याला सरकारचा पगार असतो आबा," मी म्हणालो.

"पगार व्हय. पर पेरनी?"

तेवढ्यात मंठ्याकडून एस.टी. आली. खच्चून भरलेली. आबांनी पिशवी खिडकीतून आत लोटली आणि बटईदाराला काय सांगायचं ते पुढच्या खेपेला बोलू म्हणाले.