बाय हूम वॉज द विंडो ब्रोकन

1975 ते 1985 या काळात मराठी शाळेत शिकलेल्या आम्हा भावंडांना इंग्रजीचं व्याकरण घरातच जास्त शिकायला मिळालं. शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. पण आठवी-नववीत ‘व्हॉइस’चा धडा आला, की घरातली थोर माणसं स्वतः शिकवायला बसत. शुभंकरोति, परवचा, पाढे उरकले, की काका ओसरीवर यायचे. त्यांच्याजवळ दोन पुस्तकं असत. एक तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, तिच्यावर आजोबांची सही होती. दुसरं रेन अँड मार्टिन. त्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते आणि पुढे 1924 साली ‘बो जेस्ट’ ही गाजलेली कादंबरी त्यांनीच लिहिली, हे काका फार आदराने सांगत.

सुरुवात रामायणापासूनच व्हायची. ‘रामा किल्ड रावणा.’ मग कर्म पुढे आणायचं, काळ बघून ‘इज’ की ‘वॉज’ ते ठरवायचं, क्रियापदाचं तिसरं रूप घालायचं आणि कर्त्याला ‘बाय’ लावून मागे बसवायचं. ‘रावणा वॉज किल्ड बाय रामा.’ तिसरी रूपं पाठ असल्याशिवाय पुढे जाता येत नसे, म्हणून ‘गो, वेंट, गॉन’चा घोष पाढ्यांच्याच चालीत चाले. सगळ्यांचा आवडता प्रश्न होता ‘हू ब्रोक द विंडो?’ त्याचं ‘बाय हूम वॉज द विंडो ब्रोकन?’ झालं की धाकटीसुद्धा टाळी वाजवायची. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कुणालाही हे वाक्य विचारून पाहा, उत्तर लगेच येतं.

पण त्या संध्याकाळी आम्हाला खरं व्याकरण कळलं ते आईमुळे. ती सातवी शिकलेली, इंग्रजी तिला येत नव्हतं. स्वयंपाकघरातून ऐकता ऐकता एकदा ती म्हणाली, “भाऊजी, हे तर आपल्याकडे रोजच असतं. मी भात खाल्ला, मी पोळी खाल्ली. खाणारी मीच, पण क्रियापद पोळीच्या मागे गेलं की नाही?” काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, “वहिनी, तो कर्मणी प्रयोग. कर्ता तिथे जागचा हलत नाही. ‘रामाकडून रावण मारला गेला’ म्हटलं, तर ते इंग्रजीच्या जवळ जातं.” मग वहीत समोरासमोर दोन रकाने पडले, एकीकडे मराठीचे प्रयोग आणि दुसरीकडे इंग्रजीचे व्हॉइस. ‘स्लीप’चं पॅसिव्ह होत नाही, कारण त्याला कर्म नाही, असं काकांनी सांगितल्यावर आईने आतूनच भावे प्रयोग पुरवला, “मुलांनी आता झोपावं.” दोन भाषा अशा शेजारी ठेवून शिकवणारा दुसरा वर्ग मला पुढे कॉलेजातही भेटला नाही.

पॅसिव्ह कशासाठी असतं, हे काकांच्या कचेरीच्या कागदांवरून समजलं. ‘यू आर हिअरबाय इन्फॉर्म्ड.’ कळवणारा कोण, ते वाक्यात कुठेच नाही. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम 1964 चा. त्यानंतर कारभार मराठीत येत गेला, तरी ‘कळविण्यात येते की’ हा साचा राहिलाच. अर्ज नाकारणाऱ्या माणसाला वाक्यातून बाहेर ठेवायची ही सोय काकांना मुळीच आवडत नसे. ते आमच्याकडून अशा वाक्यांचं ॲक्टिव्ह करून घेत, आणि कर्ता सापडत नाही म्हणून आम्ही अडायचो.

अपुऱ्या वाक्याचा धडा मात्र तारेने शिकवला. शाळेत ‘पूर्ण वाक्यात उत्तर लिहा’ हा दंडक होता. कर्ता नि क्रियापद नसेल तर गुण जात. मराठीत ‘आला’ एवढंही पुरतं, कारण आलेला एकटा आहे आणि पुरुष आहे हे क्रियापदच सांगतं. इंग्रजीत पाऊस पडला तरी कर्त्याच्या जागी ‘इट’ उभा करावा लागतो. आणि त्याच इंग्रजीत तार यायची, ‘मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली.’ तारेचे पैसे शब्दांवर, म्हणून ‘इज’ नाही, विरामचिन्ह नाही. तरी पोस्टमनच्या हातात तार दिसली, की वाचण्याआधीच आजीचा चेहरा उतरायचा. त्या चार शब्दांत काही कमी आहे असं कुणालाही वाटलं नाही. 15 जुलै 2013 ला देशातली तारसेवा बंद झाली आणि इंग्रजीचा तो घरगुती नमुना गेला.

पूर्ण वाक्याचा हा दंडक आमच्या पिढीच्या बोलण्यात राहिला. ‘व्हेअर आर यू गोइंग?’ला ‘होम’ एवढंच उत्तर चालतं, किंबहुना तेच सहज वाटतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. मनात आधी अख्खं वाक्य जुळवायचं आणि मग तोंड उघडायचं, यात पुष्कळांचं बोलणं राहून गेलं. ही त्या शिकवणीतली मोठी उणीव. तरीही ती पाठांतराची म्हणून सरसकट टाकाऊ ठरवणं मला मान्य नाही. वाक्यात करणारा कोण आणि कुणावर काय घडतं, हे शोधण्याची सवय आम्हाला तिथेच लागली.

2000 पासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून आलं. या मुलांचं बोलणं आमच्यापेक्षा मोकळं आहे, याचा आनंदच आहे. पण घरात नववीतलं मूल व्हॉइस शिकत असेल, तर त्याच वहीत त्याला कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोगही लिहून द्या.