रहस्य फुटल्यावर काय उरते?

चार विद्वान एकत्र बसले आणि वाचनाचा विषय निघाला, म्हणजे जो तो आपल्या उशाशी ज्ञानेश्वरी असते असे सांगतो. उशीखाली काय असते हे मात्र कोणी सांगत नाही. आमच्या उशीखाली गेल्या पावसाळ्याचे चारही महिने रहस्यकथा होत्या. काही मूळच्या मराठी, काही भाषांतरित, काही इंग्रजी. काही पूर्वी वाचून विसरलेल्या, काही सर्वस्वी नव्या. ज्या नाशिकात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालत आले आहे, तेथील वाचकास या आवडीची लाज वाटण्याचे वस्तुतः काहीच कारण नाही. वाचनालयातील कोणत्या पुस्तकांची बांधणी सर्वांत आधी ढिली होते हे ज्याने पाहिले आहे, त्यास लोक खरोखर काय वाचतात हे निराळे सांगावे लागत नाही. तेव्हा या चार महिन्यांत आम्हांस जे वाटले, ते कोणाची भीड न धरता येथे मांडण्याचे योजिले आहे.

रहस्यकथेच्या परीक्षकाचे हात एका नियमाने बांधलेले असतात. खुनी कोण हे त्याने सांगावयाचे नाही. हा नियम आम्ही पाळणारच आहोत. परंतु त्याच्या पोटी जी समजूत आहे ती आम्हांस मान्य नाही. रहस्य कळले की पुस्तकात राम उरत नाही, अशी ती समजूत होय. ज्या पुस्तकाच्या बाबतीत ही गोष्ट खरी ठरते, ते पुस्तक मुळातच पोकळ असले पाहिजे. नारळ फोडल्यावर आत पाणीही नसावे आणि खोबरेही नसावे, तर मग त्या फोडण्याच्या आवाजाचे कौतुक ते किती करावयाचे? म्हणून आम्ही प्रत्येक पुस्तकास एकच प्रश्न विचारीत गेलो: रहस्य फुटल्यावर तुझ्यापाशी काय उरते?

प्रथम जे सर्वांस ठाऊक आहे त्याविषयी. अगाथा ख्रिस्ती यांची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' ही कादंबरी १९२६ साली निघाली, तेव्हा लेखिकेने आपल्याला फसविले अशी ओरड अनेक वाचकांनी केली. आम्ही ती या वेळी दुसऱ्यांदा, म्हणजे खुनी ठाऊक असताना वाचली, आणि आमचे मत असे झाले की ती वाचावी तर दुसऱ्यांदाच. पहिल्या वाचनात जी वाक्ये साधी, निरुपद्रवी वाटून गेली होती, ती दुसऱ्या वाचनात दुहेरी अर्थाने बोलू लागतात. लेखिकेने एकही खोटे वाक्य लिहिलेले नाही. आपणच घाईने पुढे गेलो होतो. येथे रहस्य फुटल्यावर उरते ती कारागिरी, आणि ती अस्सल आहे. तथापि माणसे मात्र उरत नाहीत. ज्याचा खून झाला त्या बिचाऱ्या अ‍ॅक्रॉइडसाठी पुस्तकभर कोणाच्या डोळ्यांस टिपूसही येत नाही, आणि आमच्याही आले नाही. बुद्धिबळातील प्यादे पटावरून उचलले गेले असता त्याचे सुतक कोण पाळतो?

आता घरच्यांकडे वळू. गो. ना. दातार यांच्या 'कालिकामूर्ती'सारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांवर एक पिढी पोसली. पुढच्या दोन पिढ्या बाबूराव अर्नाळकरांनी सांभाळल्या. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. गिरगावात त्यांचे चष्म्यांचे दुकान होते. आणि १९९६ साली निधन होईपर्यंत त्यांच्या नावावर हजाराहून अधिक पुस्तके जमा झाली होती. त्यांच्या मागून आलेले आणि २०२१ साली निवर्तलेले गुरुनाथ नाईक यांनीही हजाराची संख्या ओलांडली. ज्या मनुष्याने हजार पुस्तके लिहिली त्याने प्रत्येक पुस्तक किती दिवसांत लिहिले असेल याचा हिशेब शाळकरी मुलासही करता येईल, आणि त्या घाईच्या खुणा पानोपानी दिसतात हे आम्ही लपवू इच्छीत नाही. पुराव्यापेक्षा पाठलाग अधिक, विचारापेक्षा पिस्तूल अधिक. धनंजय आणि त्याचा साथी छोटू यांच्या कथांत तर्काला निदान बसावयास पाट तरी मिळतो. झुंजार आणि काळापहाड यांच्या कथांत त्यास दाराबाहेर उभे राहावे लागते.

मग येथे उरते काय? आमचे उत्तर अनेकांस चमत्कारिक वाटेल; परंतु येथे वाचक उरतो. आगगाडीच्या डब्यात, चाळीच्या जिन्यावर, गिरणीची पाळी सुटल्यावर, ज्याने जन्मात पाठ्यपुस्तकाव्यतिरिक्त काही उघडले नसते, त्याने या चोपड्या उघडल्या आणि तो मराठी वाचू लागला. त्यांतले छोटे, चटपटीत, क्रियापदावर न अडखळणारे वाक्य हे तत्कालीन ललित गद्याच्या पुष्कळशा फुलोऱ्यापेक्षा निरोगी होते, असे आम्हांस आज प्रांजळपणे वाटते. या लेखकांच्या वाट्यास वाङ्मयाच्या इतिहासात दोन-चार ओळी येतात, त्याही तुच्छतेच्या. ज्यांनी वाचक तयार केले त्यांस तळटीपेत बसवावे आणि ज्यांनी ते गमावले त्यांस मुखपृष्ठावर, हा न्याय काही निकोप नव्हे.

परंतु केवळ उपकार स्मरून पुस्तकास चांगले म्हणता येत नाही. शेजारच्या बंगालीत त्याच सुमारास काय झाले ते पाहावे. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी १९३२ साली अवतरला. तो स्वतःस गुप्तहेर म्हणवून घेण्यास नाखूष असतो. 'सत्यान्वेषी' ही त्याने स्वतःच घेतलेली पदवी. ही केवळ शब्दाची हौस नव्हे. 'अर्थमनर्थम्' या कथेत खुनाचा आळ आलेल्या तरुणाची बहीण सत्यवती त्यास भेटते, आणि पुढे तीच त्याची पत्नी होते. म्हणजे हा मनुष्य दुसऱ्याच्या घरातील दुःखाचा छडा लावून फी घेऊन परतत नाही. त्या घराशी त्याचे नाते जडते. इच्छापत्रे, वाटण्या, सावत्रपणा, एकत्र कुटुंबातील मुके वैर हीच या कथांची खरी जमीन आहे. खुनी विसरावा, पण ते घर स्मरणात राहावे, असा अनुभव आम्हांस येथे आला.

याच्या उलट टोकाचे एक नवल सांगतो. मुंबई पोलिसांतील गणेश घोटे हा निरीक्षक एका इंग्रजाने निर्माण केला. एच. आर. एफ. कीटिंग यांची 'द परफेक्ट मर्डर' ही कादंबरी १९६४ साली प्रसिद्ध झाली, आणि त्यानंतर सुमारे दहा वर्षेपर्यंत या गृहस्थाने हिंदुस्थानात पाऊलही ठेवले नव्हते! खून झाला म्हणावा, तर ज्याच्या डोक्यात मार बसला आहे तो पर्फेक्ट नावाचा पारशी चिटणीस अद्याप जिवंतच आहे. आणि त्याच वेळी मंत्रिमहोदयांच्या टेबलातून नाहीसा झालेला एक रुपया शोधण्याचे कामही घोट्यांच्याच गळ्यात पडलेले. या कादंबरीतील हिंदुस्थानी माणसांचे इंग्रजी आम्हांस कृत्रिम वाटले, मुंबईही पुष्कळदा नकाशावरून उचललेली वाटली. असे असूनही घोटे हा मनुष्य उरतो. वरिष्ठांपुढे दबणारा, घरी जावयास उशीर झाला म्हणून मनात चुटपुटणारा, आणि तरीही सत्य हाती आले असता ते न सोडणारा असा कारकुनी प्रकृतीचा शूर मनुष्य आम्ही कचेऱ्यांतून पाहिलेला आहे. तो आमच्या लेखकांस दिसू नये आणि सातासमुद्रांपलीकडून एकास दिसावा, याचा आम्हांस आनंद व्हावा की विषाद, हे ठरविता आले नाही.

नव्या पुस्तकांत ज्याने आमची झोप खरोखर उडविली, ते जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांचे 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. मूळ जपानी पुस्तक २००५ चे. त्यास तेथील नाओकी पारितोषिक लाभले. यात खून कोणी केला हे आरंभीच वाचकाच्या डोळ्यांदेखत घडते. एक स्त्री छळ करणाऱ्या पूर्वपतीस मारून बसते, आणि शेजारी राहणारा गणिताचा अबोल शिक्षक तो गुन्हा झाकण्याचे मनावर घेतो. कोणी केले हा प्रश्नच नाही; कशासाठी आणि कोठवर, हा प्रश्न आहे. पुस्तक मिटले तेव्हा गणित सुटले होते, पण तो शिक्षक आमच्या मनातून हालेना.

हे वाचीत असता नाशिककरास आपल्या गावच्या एका घटनेची आठवण न होणे अशक्य आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगास आलेले कलेक्टर जॅक्सन यांजवर अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. मारणारा कोण, हे भरल्या नाट्यगृहाने पाहिले. तो जागच्या जागी पकडला गेला. खरे कथानक तेथून पुढे सुरू होते. ते पिस्तूल आले कोठून? लंडनच्या इंडिया हाऊसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याने ट्रंकेच्या खोट्या तळात दडवून वीस ब्राउनिंग पिस्तुले आणली होती. कोणत्याही कल्पक लेखकाने लिहिले असते तर 'हे फार झाले' असे आपण म्हटले असते! आणि ट्रंकेचा तळ उघडल्यावरही गोष्ट संपत नाही. संस्कृत जाणणारा, लोकांशी गोड बोलणारा अधिकारी. त्याच्याच कारकिर्दीत बाबाराव सावरकरांस झालेली जन्मठेप. आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्यास फाशी गेलेले कान्हेरे, कर्वे व देशपांडे हे तीन तरुण. शंभराहून अधिक वर्षे लोटली, पुरावा सारा छापला गेला, तरी नाशिकात हा विषय निघाला की माणसे अद्याप आवाज खाली करून किंवा वर चढवून बोलतात. साध्या आवाजात कोणी बोलत नाही. रहस्य फुटल्यावर जे उरते ते याहून स्पष्ट कसे दाखवावे?

आता ज्या पुस्तकांनी हल्ली दुकानांची फळकुटे व्यापली आहेत, त्या भाषांतरित थरारकथांविषयी दोन शब्द. यांतील काही भाषांतरे उत्तम आहेत, पुष्कळशी नाहीत. त्यांतील माणसे घडोघडी 'खांदे उडवितात', 'डोळे फिरवितात' आणि संकटसमयी 'एक खोल श्वास घेतात'. आम्ही आजवर मेन रोडवर, पंचवटीत किंवा कचेरीत एकाही मराठी मनुष्यास खांदे उडविताना पाहिलेले नाही. आमच्याकडे मनुष्य उत्तर टाळावयाचे असल्यास पानाची पिंक टाकावयास उठतो, किंवा 'बघू' म्हणतो. शब्द मराठी आणि हाडे परकी, अशी ही भाषा वाचून वाचून आमच्या मुलांस वॉशिंग्टनच्या गुप्तचर कचेरीतील दारे-खिडक्या ठाऊक झाल्या आहेत. स्वतःच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात फिर्याद कशी लिहून घेतात हे मात्र ठाऊक नाही.

तक्रार करून थांबणे सोपे आहे, म्हणून आमची मागणी नेमकी मांडतो. सत्यजित राय यांचा फेलूदा मूर्तिचोरांच्या मागावर कलकत्त्याहून थेट वेरूळच्या कैलास लेण्यापर्यंत आला. अशोक जैन यांनी त्याच्या कथा चांगल्या मराठीत आणल्या. तो वेरूळास येतो, आणि पांडवलेणी उंबरठ्याशी असूनही आमचा शोधक अद्याप घरातून निघत नाही! नाशिक रोडच्या सरकारी मुद्रणालयातून निकालात निघालेली यंत्रे बनावट मुद्रांकांच्या कारखानदाराच्या, अब्दुल करीम तेलगीच्या, हाती गेली, हे २००१ साली त्यास अटक झाल्यानंतरच्या चौकशीत गाजले. यावर वृत्तपत्रे निघाली, चित्रमालिका निघाली. भरभक्कम मराठी कादंबरी आमच्या तरी वाचनात आली नाही.

किंवा इतके मोठे प्रकरणही नको. गोदावरीस पूर आला की नाशिककर पाण्याची मोजणी दुतोंड्या मारुतीवरून करतो: पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले. आता समजा, एखादा साक्षीदार म्हणाला, 'मी रामकुंडावरून गेलो तेव्हा पाणी मारुतीच्या कमरेला होते.' गंगापूर धरणातून किती वाजता किती पाणी सोडले हे कागदोपत्री नोंदलेले असते. एवढ्यावरून त्या मनुष्याचे खोटे पकडता येईल, आणि ते पकडणारा शोधक लंडनचा किंवा लॉस एंजेलिसचा असून चालणार नाही. तो नदीकाठी वाढलेलाच असला पाहिजे. अशी कथा वाचताना खुनी आम्हांस दहाव्या पानावर कळला तरी आमची तक्रार राहणार नाही. कारण त्यानंतरही नदी उरेल, काठावरची माणसे उरतील, आणि पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर साचलेला गाळ कोणी कोणी उपसला, हेही वाचावयाचे उरेल.