वऱ्हाडातल्या कारागिरांना सुचले कोठून?

वऱ्हाडातला शेतकरी आपल्या काळ्या मातीचे गुण गातो. पण त्या मातीखालचा काळा दगड मात्र त्याला नकोसा असतो. तो वखराची पास बोथट करतो, विहीर खणताना सुरुंग लावल्याशिवाय हटत नाही. वेचून बांधावर टाकला, की आपला त्याच्याशी संबंध संपला. पण वाचकहो, ज्यांना या दगडात देऊळ दिसले असे कारागीरही याच मुलखात होऊन गेले. त्यांना ते सुचले कोठून? नावे मागे न ठेवता ते गेले, तेव्हा विचारायचे ते त्यांच्या कामालाच. यंदा कापसाची वेचणी आटोपली, की घरच्या मंडळींना घेऊन दोन-तीन दिवस बाहेर पडा.

पहिला मुक्काम बार्शीटाकळी. अकोल्याहून ती विसेक किलोमीटर आहे. तेथे कालिकामातेचे पुरातन देऊळ आहे. तेथील शिलालेखात शके १०९८, म्हणजे इसवी सन ११७६ हे साल आहे. अशा देवळांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. पण ज्यांच्यावरून हे नाव पडले ते हेमाद्री पंडित देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या दरबारी होते, म्हणजे या देवळाच्या पाऊणशेहून अधिक वर्षांनंतर. पद्धत आधीची, नाव मागाहूनचे!

आत जाण्यापूर्वी देवळाला बाहेरून एक फेरी घाला. भिंत सपाट नाही. कोन आत-बाहेर, आत-बाहेर होत गेले आहेत. असे का केले असेल? आपला काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळून थिजलेला लाव्हारस. तो कठीण, आणि रंगाने एकजात काळा. त्यावर वरवरची नक्षी काढली, तर काळ्यावर काळे दिसणार कसे? म्हणून त्या पाथरवटाने उन्हाला मदतीला घेतले. कोन खोल काढले, की सकाळी एक बाजू उजळते व दुसरी सावलीत जाते. सावली हाच त्याचा रंग! दगडाचा स्वभाव ओळखून त्याने काम केले, जसे आपण जमिनीचा पोत पाहून बी निवडतो. तेव्हा पहिली शिकवण अशी, की अर्धे हातातले सामानच सुचवते.

दुसरा मुक्काम नरनाळा किल्ला. अकोटहून उत्तरेला गेले, की सातपुड्याच्या पायथ्याशी शहानूर हे गाव लागते. किल्ला अभयारण्यात असल्याने तेथे वनखात्याची परवानगी घ्यावी, पाणी भरून घ्यावे व वर निघावे. वाटेतल्या दरवाजांपैकी महाकाली दरवाजापाशी पोरांना थांबवा. हा दरवाजा पांढरट वालुकाश्माचा आहे. हा दगड बेसॉल्टपेक्षा मऊ, छिन्नीचे ऐकणारा. म्हणून येथे कारागिराचा हात खुलला आहे. दगडी जाळ्या, पुढे आलेले सज्जे, अरबी अक्षरांच्या ओळी आणि उमललेली कमळे! सज्जांच्या जाळ्या एकमेकींशी ताडून पाहा. नमुने वेगवेगळे आहेत.

हा दरवाजा १४८६ च्या सुमारास बहामनी राजवटीत फतहुल्ला इमादुल्मुल्क याने बांधवला. त्यानेच पुढे १४९० मध्ये एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, इमादशाहीची स्थापना केली. अरबी ओळींच्या शेजारी कमळ कसे आले, असे कोणी विचारील. हुकूम सरदाराचा असला, तरी कमळ या देशातल्या कारागिरांच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या पाठ होते. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर तर याहून नवल आहे. तेथील दरवाजावर सिंहांबरोबर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरला आहे. हे चिन्ह दक्षिणेत विजयनगरकडे मानाचे. फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो, की फतहुल्ला हा विजयनगरच्या मुलखातून लहानपणी पकडून आणलेला मुलगा. हे खरे असेल, तर बालपणी पाहिलेले त्या पक्ष्याच्या रूपाने वऱ्हाडच्या डोंगरावर उमटले, असे मानायला जागा आहे. दुसरी शिकवण ही, की पाहिलेले वाया जात नाही.

तिसरा मुक्काम मेळघाट. अमरावती जिल्ह्याच्या धारणी व चिखलदरा तालुक्यांत आपले कोरकू बांधव राहतात. घरातले माणूस गेले, की त्याच्या नावाने सागाच्या लाकडाचा एक खांब कोरून उभा करायचा, अशी त्यांची जुनी रीत. त्याला मुंडा म्हणतात. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीनुसार त्यावर सूर्य, चंद्र, कोळी आणि माणसाचा कान कोरत, व खाली हाती शस्त्र घेतलेला घोडेस्वार असे.

आता विचार करा, की ज्याने जन्मभर कुटकी पेरली, ज्याला घोडा कधी मिळाला नाही, त्यालाही कोरणाऱ्याने घोड्यावर बसवले! चेहरा हुबेहूब आणण्याचा प्रयत्न नाही. गेलेल्याला मान द्यायचा, एवढेच. दगडाच्या मानाने लाकूड लवकर कुजते, उन्हापावसात विरते. तरीही कोरणाऱ्याचा हात आखडला नाही. कारण समोर कोणी राजा नव्हता. शेजारच्या घरातले दुःख होते. कलेला यापेक्षा मोठी प्रेरणा कोणती?

सामान, पाहणे आणि माया, हे तिन्ही आपल्या घरीही आहे. पोळ्याला ज्याच्या गोठ्यात बैल नाही, तो मातीचा बैल करून पुजतो. नुसत्या काळ्या मातीचा केला, तर वाळताना तडकतो, म्हणून आजीबाई तीत चाळलेली राख मिसळायला सांगते. घरातले पोर बैल करायला बसले, की वशिंड मोठे करते, शिंगे लांब काढते, कारण त्याच्या डोळ्यांना तेच आधी दिसते. त्याला हसू नका, 'असा नसतो बैल' म्हणून सुधारायलाही जाऊ नका.

आणि एवढे जपा. जुन्या मूर्तीवर ऑइल पेंट फासू नये. कारागिराने कष्टाने आणलेली सावली त्याखाली बुजते. नरनाळ्यासारख्या संरक्षित वास्तूवर नाव कोरणे हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. मेळघाटात कोणाचा मुंडा दिसला, तर हात जोडावेत. दिवाणखान्याच्या शोभेसाठी तो विकत मागू नये. गावात पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारा आला, तर घासाघीस न करता दाम द्यावा व पोरांना घटकाभर त्याच्याजवळ बसू द्यावे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. ते घाव घालणारा हातही टिकला पाहिजे.