वाटखर्च

१८५७ साली पेणजवळच्या वरसईहून विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले, ते पैसे मिळवायला. घरावर कर्ज होतं आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार अशी वार्ता होती. वाटेत बंड उसळलं, झाशीच्या वेढ्यात भटजी अडकले. पुढे त्यांनी लिहून ठेवलेला ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला.

नोकरी सोडून प्रवासावर लिहायचं ठरवलं, तेव्हा आधी हे पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं. कुठे काय मिळालं, काय लुटलं गेलं, कोणी जेवू घातलं, हे भटजी सांगतात आणि वाट डोळ्यांपुढे उभी राहते. देखाव्यांची वर्णनं त्यानंतर मला फिकी वाटू लागली.

या कामाचं पंचांग वेगळं असतं. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यात चालते. कासचं पठार फुलतं तेव्हा बरेचसे अंक छपाईच्या वाटेवर असतात. म्हणजे यंदाची फुलं पुढच्या दिवाळीला. मानधन त्याच्याही नंतर. तोवर भाषांतरं, मुद्रितशोधन, मिळेल ते.

पहिला लेख नाणेघाटावर लिहिला. पावसाळ्यात तिथे वाऱ्यानं उलटं उडणारं पाणी बघायला झुंबड उडते. घाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असं सांगतात. जवळच्या लेण्यात ब्राह्मी लिपीत सातवाहनांच्या यज्ञांची दानं कोरलीत: गाई, घोडे, कार्षापण. दोन हजार वर्षांपूर्वीही या वाटेवर देणंघेणंच नोंदलं गेलं, या विचारानं मी हरखून गेले.

पण लेख खरा सापडला तो जवळच्या घाटघर गावात. एका मावशींच्या ओसरीवर बाळहिरडा वाळत पडला होता. मी भाव विचारला. त्या म्हणाल्या, “भाव नंतर विचार बाई, आधी उचलून बघ. वाळला की किती हलका होतो!” रानातून वेचायचा, डोक्यावर आणायचा, वाळवायचा, आणि वजन उतरलं की मग तो तराजूत जायचा. रांजणाचा फोटो वाचकाच्या फोनमध्ये केव्हाच येऊन पडलेला असतो. मावशींच्या कष्टांचं हे गणित त्याच्यापर्यंत नेणं, हे मला माझं काम वाटतं. मानधन मागतानाही म्हणूनच संकोच वाटत नाही. एसटीचं भाडं, मुक्काम, ऐकण्यात गेलेला वेळ, सगळं त्यात धरते.

व्यापाऱ्याकडून हिरडा पुढे कुठे जातो, ते लिहायचं राहिलंय. त्याआधी वेचणीला बायांबरोबर रानात जायचंय. त्या उजाडायच्या आत निघतात, तेव्हा आदल्या संध्याकाळीच घाटघर गाठायला हवं. मावशींना निरोप धाडलाय.