वेळ काढावा लागतो

‘वेळ मिळत नाहीं’ ही तक्रार ज्याच्या तोंडीं नाहीं असा गृहस्थ विरळाच. परंतु आपल्या भाषेनें तिचें उत्तर केव्हांच देऊन ठेविलें आहे. नोकरी मिळते, पैसा मिळतो. वेळ मात्र काढावा लागतो, विहिरींतून पाणी काढावें तसा.

बायबल-वाचन व प्रार्थना यांस रोज नेमका वेळ द्यावा कीं नाहीं, यावर आमच्या घरीं अनेकदां वाद झडला आहे. माझे थोरले बंधू म्हणतात, “घड्याळाच्या कांट्यावर होते ती प्रार्थना नव्हे, हजेरी. मन भरून येईल तेव्हांच देवापुढें बसावें.” हा आक्षेप हलका नाहीं. लोकांनीं पाहावें म्हणून केलेल्या प्रार्थनेचा निषेध खुद्द ख्रिस्तानेंच केला आहे. पण तोच ख्रिस्त पहांटे काळोखांत उठून एकांतीं प्रार्थनेस गेल्याचें मार्क सांगतो. आणि आदल्या संध्याकाळीं तर सारें गांव रोग्यांना घेऊन त्याच्या दारीं लोटलें होतें! कामाच्या गर्दीनें त्याचा एकांत बुडाला नाहीं.

हिशेब पाहूं गेल्यास ओझें मोठें नाहीं. प्रॉटेस्टंट बायबलांत ६६ पुस्तकें व १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन व रविवारीं पांच वाचले कीं वर्षांत सारा ग्रंथ होतो. स्कॉटलंडांतील डंडी येथील तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनीं १८४२ सालीं आपल्या मंडळीसाठीं अशीच वाचनाची दिनदर्शिका तयार केली. विशेष हें, कीं तिच्या धोक्यांची यादीही त्यांनींच दिली : तोंडदेखलेपणा, आत्मसंतोष, निष्काळजी वाचन व न पेलणारें जूं. म्हणजे बंधूंचा आक्षेप त्यांना ठाऊक होता. तरीही त्यांनीं नेम सांगितलाच.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्तिसदनांतील शेंकडों निराधार स्त्रियामुलांचा संसार सांभाळून, हिब्रू व ग्रीक शिकून, सबंध बायबल सोप्या मराठींत आणिलें. १९२२ सालीं त्या वारल्या. भाषांतर १९२४ सालीं छापून निघालें. रिकाम्या वेळाची वाट पाहत त्या बसल्या असत्या तर तें झालेंच नसतें.

मला स्वतःला नेमाची किंमत आईच्या अखेरच्या दुखण्यांत कळली. त्या दोन महिन्यांत मन भरून येत नसे. तें कोरडें पडलें होतें. प्रार्थनेस शब्द सुचत नसत. सकाळीं ठरल्या वेळीं तिच्या उशाशीं बसून क्रमानें येणारें स्तोत्र वाचावें, एवढेंच हातून होई. त्या स्तोत्रांत रडणें होतें, देवाशीं भांडणही होतें. मजजवळ नसलेले शब्द तेथें तयार होते. वाचन चालूं असतां बंधू दाराशीं येऊन उभे राहत. त्याविषयीं आम्ही पुढें कधींच बोललों नाहीं.

आजही स्वयंपाकघर जागें होण्यापूर्वींचीं पंधरा मिनिटें मी राखून ठेवितों. मोबाईल दुसऱ्या खोलींत असतो. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशीं दुप्पट वाचून तो भरून काढीत नाहीं. तें कांहीं सावकाराचें देणें नव्हे. मन भरलेलें असेल तर उत्तमच. नसेल तर रिकामें घेऊन बसावें. पोहराही विहिरींत रिकामाच सोडतात.