कागदावर मावशी अमेरिकेतच

सोमवार, 3 जून 2024, डोंबिवली
ठाण्याचा 63 तासांचा ब्लॉक काल संपला. संध्याकाळी काकांचा फोन. "गाड्या सुरू झाल्यात ना? मग ये. तुझ्या मावशीचं अमेरिकेत काहीतरी अडकलंय." मागे मावशीचा आवाज: "मी इथे भाजी निवडतेय, आणि म्हणे अमेरिकेत अडकले!"

दिवाळीला दोघांना न्यू जर्सीला जायचंय. तिकिटं काढण्याआधी दादानं कॅनडातून दोघांच्या आय-94, म्हणजे अमेरिकेतल्या येण्याजाण्याच्या, नोंदी उघडल्या. काकांचं येणं आणि जाणं दोन्ही आहे. मावशीचं फक्त येणं: 2 सप्टेंबर 2023, मुक्कामाची मुदत 1 मार्च 2024. त्यानंतर काही नाही. एकाच जहाजातून, एकाच केबिनमधून गेलेल्या नवराबायकोपैकी काका तेवढे परत आले.

बुधवार, 5 जून
गाडीत वाचत बसले. अमेरिकेतून बाहेर पडताना आपल्यासारखा इमिग्रेशनचा काउंटर नसतो, शिक्काही नाही. विमान किंवा जहाज कंपनी प्रवाशांची यादी पाठवते. जहाजानं बंदर सोडायच्या किमान तासभर आधी. त्या यादीतलं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर आधीच्या एन्ट्रीशी जुळला की माणूस गेला असं धरायचं.

या दोघांची अलास्काची सफर व्हँकुव्हरहून व्हँकुव्हरला. तिथल्या कॅनडा प्लेस धक्क्यावर जहाजात चढण्याआधीच अमेरिकन अधिकारी तपासणी करतात, म्हणजे कॅनडात उभं राहूनच अमेरिकेत प्रवेश. मग जूनो, स्कॅगवे, शेवटी केचिकन. केचिकन सोडलं तिथे अमेरिका सुटली. त्या क्षणाचा एकमेव साक्षीदार म्हणजे जहाजाची यादी. गाडीनं सीमा ओलांडली असती तर कॅनडाच्या नाक्यावरची एन्ट्री अमेरिकेला आपोआप कळली असती. दोन्ही देश जमिनीवरच्या नाक्यांची माहिती एकमेकांना देतात.

हे गमतीवर नेता येणार नाही. आय-94 वरच्या तारखेपलीकडे राहिलं की व्हिसा आपोआप रद्द. मुदतीनंतर 180 दिवसांपेक्षा जास्त राहून निघालेल्याला तीन वर्षं बंदी, वर्षभर किंवा जास्त राहिलेल्याला दहा. कागदावरची मावशी ऑगस्टच्या अखेरीस ते 180 दिवस ओलांडणार.

रविवार, 9 जून, ठाणे
पाचपाखाडीत जेवण झाल्यावर काकांनी फाईल काढली. मावशीचे दोन पासपोर्ट. अमेरिकेचा व्हिसा जुन्यात, कोपरा कापलेल्या; तो व्हिसा चालतो, दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे एवढंच. नवा 2023 च्या मे महिन्यात वागळे इस्टेटच्या सेवा केंद्रातून काढलेला. जहाजाचं बुकिंग मात्र त्याआधीचं, फेब्रुवारीतलं. कन्फर्मेशनवर नंबर जुनाच. "मी एजंटला नवा नंबर कळवला होता," काका म्हणाले. "तो म्हणाला, झालं काम." काकांचा पासपोर्ट बदललाच नव्हता, त्यामुळे त्यांचं सगळं जुळलं. माझा अंदाज इथेच थांबतो. नंबर कुठे अडकला ते त्या यादीलाच ठाऊक.

मंगळवार, 11 जून
सल्ले सुरू झाले आहेत. समोरचे आजोबा म्हणतात पासपोर्ट ऑफिसला जा. कुणी म्हणतं बीकेसीच्या वकिलातीत ओळख काढा. पण पासपोर्ट ऑफिसकडे परदेशातल्या नोंदी नसतात, आणि वकिलात व्हिसा देते, आय-94 दुरुस्त करत नाही. सीमेवरच्या नोंदींची कामं पाहणाऱ्या त्यांच्या कचेऱ्या अमेरिकेतच आहेत. ठाण्यात बसलेल्या माणसाला उरतो तो ऑनलाइन तक्रारीचा मार्ग: त्यांच्या गृहसुरक्षा खात्याचा 'ट्रिप' नावाचा अर्ज.

शनिवार, 15 जून, ठाणे
पुरावे गोळा करायचा दिवस. अमेरिका सोडल्यानंतर आपण दुसऱ्या देशात होतो हे दाखवणारं काहीही, तारखेसह: परतीचे बोर्डिंग पास, पासपोर्टच्या कोऱ्या नसलेल्या सगळ्या पानांच्या प्रती, बँकेचे व्यवहार, कार्डाच्या पावत्या, नंबर खोडून, नाव ठेवून.

मुंबई विमानतळाचा शिक्का सापडला, 14 सप्टेंबर 2023. पुसट आहे, पण तारीख वाचता येते. व्हँकुव्हरहून निघतानाचा मावशीचा बोर्डिंग पास पर्समधल्या कुंकवाच्या डबीखाली. काकांनी विजेची बिलं पुढे केली. मी बाजूला ठेवली. वीज घरातला कुणीही जाळतो. गणपतीतले फोटो मावशीनं काढले, तेही नकोत.

मग तिलाच आठवलं: हयातीचा दाखला. ती निवृत्त शिक्षिका. दर नोव्हेंबरला पेन्शनच्या बँकेत जाऊन यादीत सही करते. गेल्या नोव्हेंबरातही केली. म्हणजे अमेरिकेतली मुदत संपायच्या तीन महिने आधी ती ठाण्यात होती, जिवंत होती आणि सही करत होती. बँकेतल्या बाईंनी नोंद शोधून शिक्क्यासह पत्र दिलं. ते मराठीत, म्हणून खाली इंग्रजी भाषांतर.

मंगळवार, 18 जून
अर्ज भरला. मुद्द्याचं पत्र एका पानात: कधी आत, कधी बाहेर, कुठल्या जहाजानं, दोन्ही पासपोर्टांचे नंबर. सात आकडी रिड्रेस नंबर मिळाला. जहाज कंपनीलाही मेल केली: प्रवासी व्हँकुव्हरला उतरल्याचं लेखी द्या.

सोमवार, 8 जुलै
रात्रीपासून धो धो. मुंबईत सहा तासांत काही ठिकाणी 300 मिलिमीटर. मध्य रेल्वेवर पाणी, ऑफिस घरूनच. दुपारी जहाज कंपनीचं उत्तर आलं: मावशी 9 सप्टेंबरला व्हँकुव्हरला उतरली, सोबत जहाजावरच्या खर्चाचं तिच्या नावाचं बिल. लगेच अर्जाला जोडलं.

बुधवार, 17 जुलै, आषाढी
अजून काही नाही. मावशीचा उपास आणि राग दोन्ही कडक. "मी ठाण्यात आहे हे मला ठाण्यात बसून सिद्ध करायचंय! चूक त्यांच्या यादीची, धावपळ माझी." उत्तर नव्हतं माझ्याकडे. शिक्का होता तेव्हा पुरावा आपल्या खिशात असायचा. आता तो त्यांच्या संगणकात असतो, आणि तिथे नसला तर आपण घरातल्या फायली उपसायच्या.

बुधवार, 21 ऑगस्ट
पत्र आलं. गुळमुळीत: आपल्या नोंदी तपासल्या, आवश्यक ते बदल केले. चूक कुणाची, एक अक्षर नाही. आय-94 उघडलं. मावशीच्या नावापुढे निर्गमन: 7 सप्टेंबर 2023. काकांचीही तीच तारीख, केचिकन सोडल्याची.

दादानं तिकिटं काढली. मावशीच्या बुकिंगमध्ये रिड्रेस नंबर घातला. फाईल हातातल्या बॅगेत जाणार. शेजारच्या बाई डिसेंबरात सिंगापूरहून क्रूझला निघाल्यात; मावशीनं त्यांना जिन्यातच गाठलं. "पासपोर्ट नवा केलात ना? मग जहाजवाल्यांकडून नव्या नंबराचं कन्फर्मेशन लेखी घ्या. परत आल्यावर बोर्डिंग पास टाकू नका."

रात्री पुन्हा काकांचा फोन. नोव्हेंबरात दोघं न्यू जर्सीला असणार, मग हयातीचा दाखला? मी म्हटलं, परदेशातल्या भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्याची सही चालते, न्यूयॉर्कला जाऊन घ्या. काका हसले. आता मावशीला अमेरिकेत बसून ठाण्याला कळवायचंय की ती आहे.